पंपाची बॅटरी आणि रात्रीचा कॅमेरा

दर डिसेंबरात १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडताना दिसतात. समजा, पिंपळगाव बसवंतच्या एका गुरुजींनी शाळेचा डीएसएलआर कॅमेरा मळ्यात तिवईवर लावला. पहाटेपर्यंत फोटो काढायचे, अन् मध्यरात्रीच बॅटरी संपली! निफाड तालुक्याची थंडी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला लावणारी. तिच्यात बॅटरी लवकरच मान टाकते. बदलायला जावं तर कॅमेरा हलतो, नेम चुकतो.

आता फवारणी पंपाची बॅटरी पुष्कळांच्या घरी असते. ती १२ व्होल्टची. अशा बहुतेक कॅमेऱ्यांची बॅटरी मात्र ७.२ व्होल्टची, पूर्ण भरली तर ८.४. सरळ जोडलीत, तर शाळेचा कॅमेरा गेलाच म्हणून समजा. मध्ये व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर हवा. मल्टिमीटर लावून तो साडेसात ते आठ व्होल्टवर आणावा, मगच पुढची जोडणी. कॅमेऱ्यात बसते ती डमी बॅटरी. ते नुसतं खोकं हो. आत वीज नाही, फक्त आकार आणि टोकं. धन-ऋण दोनदा तपासा. पंपाच्या बॅटरीलगत फ्यूज घाला. वायर लांब अन् बारीक असली, तर व्होल्ट वाटेतच गळतात.

८ अँपियर-तासांची पंपाची बॅटरी निम्मी वापरली, तरी कॅमेऱ्याच्या सुमारे तीन बॅटऱ्यांइतकी वीज मिळते. लेड-ॲसिड बॅटरी त्याहून खाली नेऊ नये. शिवाय सकाळी फवारणी असते!