देवी गेली गं बाई!

आजीच्या दंडावर तो गोल वण पाहिलाय? देवी टोचल्याचा पर्मनंट स्टॅम्प! तुमच्या दंडावर नसेल तर थँक्यू म्हणा एका भन्नाट मोहिमेला. माणसाला होणाऱ्या रोगांपैकी आजवर पृथ्वीवरून कायमचा हद्दपार झालाय तो एकटा देवीच. (दुसरा बळी गुरांच्या बुळकांडीचा. साल 2011.)

भारतात ही लस पहिल्यांदा कुणाला टोचली, माहीत आहे का? मुंबईच्या ॲना डस्टहॉलला. वय 3 वर्षं! तारीख 14 जून 1802. ना फ्रिज, ना कुरियर. बगदाद, बसरा करत लस आली ती एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर. शब्दशः हॅंड डिलिव्हरी!

आता खरी हिरोईन. सुई! बेंजामिन रुबिन यांनी 1960च्या दशकात शिवणाच्या सुईचं नेढं घासून उघडं केलं आणि तयार झाली दोन टोकांची सुई. लसीत बुडवली की दोन टोकांमध्ये नेमका एक थेंब अडकतो. दंडावर 15 वेळा टुकटुक टोचलं की काम फत्ते. लस लागायची आधीच्या चौथाईच, आणि टोचायला शिकायचं तर काही मिनिटांत. डॉक्टर नको, डिग्री नको. पेटंटच्या गर्दीत अशी साधी अक्कल क्वचितच चमकते, बरं का!

हाइटचा फायदा बास्केटबॉललाच होतो असं थोडंच आहे? देवी निर्मूलन मोहिमेतले डॉ. विल्यम फेगी 6 फूट 7 इंच. नायजेरियातल्या एका गावच्या प्रमुखाने दवंडी दिली, ‘या, जगातला सगळ्यात उंच माणूस बघा!’ हजारो लोक लोटले. बघायला आले, टोचून घेऊन गेले. हा किस्सा फेगी स्वतःच सांगत.

याच फेगींनी नायजेरियात लस कमी पडली तेव्हा शक्कल काढली: सरसकट टोचत बसू नका, रोगी शोधा आणि त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना टोचा. भारतात हाच फंडा हिट ठरला. 1974मध्ये बिहारमध्ये साथीने थैमान घातलं होतं. कर्मचारी देवी आलेल्या बाळाचा फोटो घेऊन दारोदारी, आठवडी बाजारात विचारायचे, ‘असं कुणी दिसलं का?’ रोगी सापडला की घराबाहेर पहारेकरी! खबर देणाऱ्याला बक्षीस, आणि केसेस जशा घटल्या तशी रक्कम वाढली. शेवटी थेट हजार रुपये, तेही 1975चे! 24 मे 1975, आसाम: भारतातली शेवटची केस.

निसर्गात देवी झालेला जगातला शेवटचा माणूस? सोमालियाचा अली माओ मालिन, 1977. हॉस्पिटलात स्वयंपाकी. लस का घेतली नव्हती? टोचून घ्यायची भीती! बरा झाला आणि पुढे पठ्ठ्या चक्क पोलिओ मोहिमेत उतरला. ‘मी चुकलो, तुम्ही चुकू नका’ असं सांगायला यापेक्षा भारी ब्रँड अँबेसेडर कुठून आणणार?

8 मे 1980ला देवी संपल्याची अधिकृत घोषणा झाली. विषाणू आता ऑफिशियली दोनच ठिकाणी कुलूपबंद: अमेरिकेत अटलांटा, रशियात कोल्त्सोवो.

ऑफिशियली, हं! कारण 2014मध्ये वॉशिंग्टनजवळच्या एका सरकारी लॅबचं सामान हलवताना पुठ्ठ्याच्या खोक्यात देवीच्या 6 कुप्या सापडल्या. 1950च्या दशकातल्या, विसरलेल्या. तपासलं तर त्यातल्या दोन कुप्यांमधला विषाणू चक्क जिवंत!