केस, कात्री आणि तेल

(बी. ए. भाग २)

आपल्या महाविद्यालयात केस गळण्याचा विषय निघाला नाही असा आठवडा जात नसेल. फणीत चार केस जास्त आले की मुले सरळ सलूनची वाट धरतात आणि 'बारीक मशीन मार' म्हणून सांगतात. केस आखूड ठेवले की मुळावरचा भार कमी होतो व गळती थांबते, असा पुष्कळांचा विश्वास आहे. डोके तेलकट राहते म्हणून केसांची मुळे कुजतात, असे काहीजण सांगतात. घरची वडील मंडळी नेमके उलट सांगतात. तेल लावत नाही म्हणूनच केस जातात, असे त्यांचे म्हणणे. मुलींना कात्री लावायची भीती वाटते, तर मुलांना तेलाची. या मतांपैकी खरे कोणते आणि खोटे कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्याच बुलडाणा जिल्ह्यात २०२४ च्या अखेरीस जे घडले, त्यामुळे हा विषय आपल्यापुरता तरी केवळ नटण्यामुरडण्याचा राहिलेला नाही.

प्रथम केस म्हणजे काय ते पाहू. केसाचा आपल्याला दिसणारा सर्व भाग निर्जीव असतो. म्हणूनच तो कापताना दुखत नाही. जिवंत भाग असतो तो कातडीच्या आत, एका बारीक पिशवीच्या तळाशी. झाडाला मूळ असते तसे हे केसाचे मूळ. रक्तातून येणाऱ्या अन्नावर तेथे नव्या पेशी तयार होतात, त्या एकमेकींवर रचल्या जातात आणि वर ढकलल्या जाता जाता कठीण होऊन मरतात. अशा रीतीने केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो.

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांपैकी प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, नंतर सुमारे तीन महिने तो नुसता जागेवर थांबतो आणि गळून पडतो. त्याच जागी नवा केस उगवतो. सर्व केस एकाच वेळी गळत नाहीत, त्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या असतात. या हिशेबाने निरोगी माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस गळतात. शेतातले जुने पीक निघाल्याशिवाय नवे येत नाही, तसाच हा प्रकार आहे. तेव्हा फणीत दिसलेला प्रत्येक केस हा रोगाचा पुरावा नव्हे.

आता कात्रीचा प्रश्न. कात्री चालते ती कातडीच्या वरच्या निर्जीव भागावर. खालच्या मुळाला वरचा केस कापला गेला की नाही याची वार्ताही पोचत नाही. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली केस भादरण्याचा वाढीवर काय परिणाम होतो याचा प्रयोग करून निष्कर्ष प्रसिद्ध केला. वस्तऱ्याने केसाची जाडी, रंग वा वाढीचा वेग यांपैकी काहीही बदलत नाही, असे त्यांना आढळले. आपल्याकडे लहान मुलाचे जावळ काढले की केस दाट येतात असे म्हणतात. पण जन्माच्या वेळचे मऊ केस काही महिन्यांनी आपोआप जाऊन त्या जागी जाड केस येणारच असतात. जावळ त्या सुमारास काढले जाते, म्हणून श्रेय वस्तऱ्याला मिळते.

याचा एक दुःखद पुरावा आपल्या समाजाच्या इतिहासातही आहे. पूर्वी काही जातींतील विधवांचे केशवपन करीत. ते एकदा करून भागत नसे. केस पुन्हा येत म्हणून न्हाव्याला पुन:पुन्हा बोलवावे लागे. वर्षानुवर्षे वस्तरा फिरवूनही ना ते केस कायमचे गेले, ना ते अधिक दाट झाले. या अमानुष रूढीविरुद्ध १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी असे काम न करण्याचा निर्धार केला, ही गोष्ट आपल्यापैकी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत असेलच.

मग आखूड केस ठेवल्यावर गळती कमी झाली असे का वाटते? याचे उत्तर सोपे आहे. हातभर लांबीचा एक केस उशीवर पडला तर तो डोळ्यांत भरतो. अर्ध्या बोटाचे पन्नास केस पडले तरी ते कुणाला दिसत नाहीत. मोजणी तीच राहते, फक्त दिसणे बदलते. शिवाय कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून ते हाताला राठ लागते व केस दाट झाल्याचा भास होतो.

तरी कात्रीचा काहीच उपयोग नाही असेही म्हणता येणार नाही. केस घट्ट ओढून वेणी घातली किंवा अंबाडा करकचून बांधला, आणि असे वर्षानुवर्षे केले, तर कपाळाच्या कडेचे केस मागे हटू लागतात. तेथे मुळावर खरोखरच ताण पडत असतो. असा ताण फार काळ राहिला तर ते केस परत येत नाहीत. यावर उपाय म्हणजे वेणी सैल घालणे. केस आखूड केले तरी ताण जातो. परंतु मोकळ्या केसाच्या स्वतःच्या वजनाने तो उपटला जात नाही. तसे असते तर आपल्या आज्यांच्या डोक्यावर केसच राहिले नसते.

आता तेलकटपणाकडे वळू. प्रत्येक केसाच्या पिशवीला लागूनच एक छोटी तैलग्रंथी असते. ती एक स्निग्ध द्रव तयार करते. कातडी व केस कोरडे पडू नयेत म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. लांब केसांत हे तेल टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून मूळ तेलकट आणि टोक कोरडे असे दिसते. आखूड केसांत ते लगेच टोकापर्यंत जाते, म्हणून बारीक कटिंग केलेले डोके एका दिवसात चोपडल्यासारखे दिसू लागते. तेलाने केस एकमेकांना चिकटतात, मधली कातडी दिसू लागते आणि माणसाला वाटते, आपले केस विरळ झाले. प्रत्यक्षात ते चिकटलेले असतात, गेलेले नसतात.

परंतु ज्यांना टक्कल पडते त्यांचे डोके बहुधा तेलकट असते, हे निरीक्षण काही खोटे नाही. मग त्याचा अर्थ काय? येथे जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाचे काम उपयोगी पडते. त्यांनी १९४२ साली दाखवून दिले, की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण निकामी झाले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना पुरुषी संप्रेरक दिले तर मात्र घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागतात. हेच संप्रेरक वयात आल्यावर तैलग्रंथींनाही कामाला लावते. म्हणून तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या तोंडावर मुरुमे येतात. म्हणजे तेलकटपणा आणि पुरुषांचे टक्कल ही एका घरची दोन भावंडे आहेत. एक भाऊ दुसऱ्याचा बाप होऊ शकत नाही. संप्रेरकाला मुळे किती दाद देतात हे आईवडिलांकडून आलेल्या वारशावर ठरते, डोके किती चोपडले यावर नव्हे.

तेलकटपणाचा एक दोष मात्र मान्य केला पाहिजे. डोक्याच्या कातडीवर राहणारी एक सूक्ष्म बुरशी या तेलावर जगते. ती माजली की कोंडा होतो, खाज सुटते. खाजवून खाजवून कातडी सुजली तर काही केस अधिक गळतात. कोंडा बरा झाला की ही गळती थांबते. त्यामुळे तेलकट डोके स्वच्छ धुणे हे हिताचेच आहे. केस धुताना जे केस हातात येतात ते आधीच सुटलेले असतात, तेव्हा धुण्याला भिऊ नये.

राहता राहिले बाटलीतले तेल. मुंबईतील दोन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की खोबऱ्याचे तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी केसातील प्रथिनांची झीज कमी करते. म्हणजे आईने लावलेले तेल व्यर्थ जात नाही. केस मऊ राहतो, कमी तुटतो. परंतु हा उपयोग वरच्या निर्जीव दांड्याला आहे. मुळाला नवे केस फुटायला लावील असे सामर्थ्य त्यात नाही. महिन्याच्या मेसचे पैसे वाचवून महागड्या बाटल्या घेणाऱ्या मित्रांनी एवढे लक्षात ठेवावे.

सारांश, कात्री आणि तेल या दोहोंचा अंमल केसाच्या वरच्या भागावर चालतो. केसाचे भवितव्य ठरते ते खाली, जेथे रक्त पोचते तेथे. हे पुस्तकातून वाचले असते तर कदाचित आपण विसरून गेलो असतो. पण आपल्या जिल्ह्याला ते अनुभवाने शिकावे लागले.

२०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत घाटाखाली शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. आधी डोक्याला खाज सुटे, मग हात लावताच केसांचे पुंजके हातात येत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. म्हातारे, तरुण, मुली, लहान मुले कुणीही सुटले नाही. आधी लोकांनी बोट ठेवले ते शाम्पूवर. पण कधीच शाम्पू न लावणाऱ्यांचेही केस गेले. नंतर पाण्याचा संशय आला. पूर्णेकाठचा तो खारपाणपट्टा, त्यामुळे संशयाला जागा होतीच. कुणी बुरशी म्हटले, तर वर्तमानपत्रांतून 'टक्कल व्हायरस' असे भयंकर नावही पसरले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली, नमुने घेऊन गेली.

महाडचे सुप्रसिद्ध डॉक्टर हिम्मतराव बावस्कर यांनीही या प्रकरणाचा स्वतंत्र शोध घेतला. विंचुदंशावरील त्यांचे संशोधन जगात गाजले असून २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील एका खेड्यात गरिबीत शिकलेले गृहस्थ आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी आपला निष्कर्ष जाहीर केला. १८ गावांतील २७९ लोकांना हा त्रास झाला होता. रुग्णांच्या तपासणीत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले त्यांना आढळले. जस्ताचे प्रमाण मात्र पुष्कळ घटले होते. हे सेलेनियम पंजाब-हरियाणाकडून रेशनच्या दुकानांत आलेल्या गव्हातून शरीरात गेले, असे त्यांनी मांडले. स्थानिक गव्हाच्या तुलनेत त्यात सेलेनियम ६०० पट होते, असा त्यांचा हिशेब आहे.

सेलेनियम शरीराला अगदी अल्प प्रमाणात लागते. अधिक झाले की ते विष होते. रसायनशास्त्रात ते गंधकाचे भावंड आहे. केस आणि नखे ज्या प्रथिनाची बनतात त्याची मजबुती गंधकाच्या जोडांवर अवलंबून असते. सेलेनियम त्या जोडांत घुसले की बांधकाम ढिले होते. म्हणूनच केसांमागोमाग नखेही जातात. शेगाव तालुक्यातील काही लोकांची नखे २०२५ च्या एप्रिलमध्ये विद्रूप होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या, त्या या दृष्टीने सूचक आहेत. चीनमधील एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात असाच प्रकार घडला होता. तेथेही जमिनीतले सेलेनियम धान्यात उतरले होते आणि लोकांचे केस व नखे गेली होती. पंजाबच्या होशियारपूर-नवांशहर भागातील काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हेही शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

गंमत अशी, की कोंड्यावरच्या काही औषधी शाम्पूंत सेलेनियमचेच एक संयुग असते. ते डोक्यावर लावले तर बुरशी मरते, कारण ते कातडीतून आत जवळजवळ शिरतच नाही. तेच मूलद्रव्य भाकरी-पोळीतून रक्तात गेले तर डोके उघडे पडते. वरून लावणे आणि आतून पोचणे यांतला फरक याहून स्पष्ट कोण सांगणार?

या घटनेत कात्रीही आली, पण ती वेगळ्या कारणाने. गावात उरलेसुरले केस दिसू नयेत म्हणून अनेकांनी डोके चकोट करून घेतले. डॉक्टर बावस्करांनी नमूद केले आहे, की पीडितांमध्ये महाविद्यालयीन विद्यार्थी आणि तरुण मुली पुष्कळ होत्या, आणि त्यांच्या शिक्षणात व जमत आलेल्या लग्नांत अडचणी उभ्या राहिल्या. हे वाचून मन विषण्ण होते. ज्यांचा दोष एवढाच की त्यांनी वाट्याला आलेला गहू खाल्ला, त्यांच्याकडे लोक संसर्गाच्या भीतीने पाहू लागले. आमच्या घरीही रेशनचाच गहू येतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी येत असेल. तो निवडून घेण्याची मुभा गरिबाला नसते. म्हणून तो तपासून देण्याची जबाबदारी देणाऱ्यावर अधिक आहे.

त्या गावांतील पुष्कळांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले, ही समाधानाची गोष्ट होय. मूळ जिवंत असले की केस परत येतो.

तेव्हा मित्रांनो आणि भगिनींनो, केस आवडतील तसे ठेवा, आखूड ठेवा वा लांब. तेल रुचेल तर लावा, डोके स्वच्छ ठेवा, वेणी सैल घाला. परंतु एकाएकी पुंजके गळू लागले, डोक्यावर चाईसारखे गोल चट्टे पडले किंवा केसांबरोबर नखेही बिघडली, तर सलूनकडे किंवा तेलाच्या दुकानाकडे न जाता सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणी करून घ्या. टायफॉइडसारख्या मोठ्या तापानंतर वा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी गळती वाढते, ती बहुधा आपोआप थांबते. मुलींच्या अंगात रक्त कमी असेल तर त्याचा इलाज आधी करावा. आणि एकाच गावात, एकाच वेळी अनेकांना त्रास झाला तर ती गोष्ट लपवू नये. बोंडगावच्या लोकांनी ती लपवली असती, तर त्या गव्हाकडे कुणाचे लक्षही गेले नसते.