घड्याळ वाचायलाही वेळ लागतो

सेलूच्या एका शाळेत पूर्वी रुळाचा तुकडा टांगलेला असे आणि शिपाई मामा हातोडीने त्यावर टोले देत. काही वर्षांपूर्वी आम्ही प्रयोगशाळेतल्या तिघांनी या शाळेला आपोआप वाजणारी विजेची घंटा करून दिली. ती चालली चांगली; पण महिन्या-दीड महिन्यातून एखादी घंटा बरीच आधी वाजे आणि खऱ्या वेळी मात्र गप्प राही. पेटीवर हाताने घंटा वाजवायचे बटणही होते, त्यामुळे संशय कोणावर गेला असेल हे सांगायला नको. मग सहामाही परीक्षेत ११ ते २ चा पेपर चालू असताना ‘दहा मिनिटे उरली’ ही १:५० ची घंटा १ वाजताच झाली. मुलांची धांदल उडाली. हातातले उत्तर अर्धवट टाकून काहींनी पुढच्या प्रश्नाला हात घातला. मामांना सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. चूक मामांची नव्हती, आमची होती.

पेटीत काय होते ते आधी पाहू. एक होता ८०५१ जातीचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवर मावणारा छोटासा संगणक. त्याला काय करायचे ते आम्ही सी भाषेत लिहून दिले होते. वेळ तोही मोजू शकतो, पण वीज गेली की सारे विसरतो. म्हणून शेजारी डीएस १३०७ ही घड्याळाची वेगळी चिप, आणि तिला नाण्याएवढी लिथियमची बॅटरी. वीज नसताना ही चिप इतका थोडा प्रवाह घेते की तेवढ्या बॅटरीवर ती दहा वर्षे चालू शकते. तिचा लंबक म्हणजे क्वार्ट्झचा एक स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा विचित्र आकडा का निवडला? वर्गात मुलांना तो निम्मा करत जायला सांगा. पंधराव्या वेळी बरोबर १ उरतो. निम्मे करणे हे इलेक्ट्रॉनिक मंडलाचे सर्वांत सोपे काम. पंधरा पायऱ्या उतरल्या की सेकंदाला एक ठोका मिळतो.

हे ठोके मोजून चिप सेकंद, मिनिट, तास, वार, तारीख, महिना आणि वर्ष सात कप्प्यांत मांडून ठेवते. प्रत्येक कप्प्यात आठ बिट. त्यांत दशकाचा अंक वेगळा आणि एककाचा वेगळा लिहिलेला असतो. ५९ मिनिटे म्हणजे ०१०१ १००१. ही सरळ द्विमान संख्या समजून वाचली तर ८९ होतात! म्हणून सी भाषेत आधी वरचे चार बिट चार घरे उजवीकडे सरकवायचे, येणाऱ्या अंकाला १० ने गुणायचे आणि खालच्या चार बिटांचा अंक मिळवायचा. या चिपवर काम करणारा जवळजवळ प्रत्येक नवखा इथे एकदा ठेचकाळतो. आम्हीही ठेचकाळलो, पण ते टेबलावरच लक्षात आले.

टेबलावर जी लक्षात आली नाही ती चूक वेगळी. आमचा पहिला आदेश असा होता: बरोबर १:५० झाले की घंटा वाजव. पण १:४९ ला वीज गेली आणि १:५२ ला आली, तर ती घंटा बुडायची. म्हणून आम्ही आदेश बदलला: १:५० किंवा त्यानंतरची वेळ असेल आणि ही घंटा अजून वाजली नसेल, तर वाजव. ‘वाजली’ ही नोंदही घड्याळाच्याच चिपमध्ये ठेवली, म्हणजे वीज गेली तरी पुसली जाऊ नये. या शहाणपणावर आम्ही खूश होतो.

आता वेळ वाचण्याची पद्धत बघा. आमचा प्रोग्राम आधी सेकंद मागे, मग मिनिट, मग तास. तीन वेगवेगळ्या खेपा. हे वर्गात करून पाहता येईल. तीन मुलांच्या हाती तास, मिनिट आणि सेकंद यांच्या पाट्या द्या आणि त्यांवर १२, ५९, ५९ लिहा. चौथ्याने पाठ करून उभे राहावे आणि एकेक आकडा विचारून फळ्यावर लिहावा. सेकंद? ५९. मिनिट? ५९. एवढ्यात टाळी वाजवा. तिघांनी पाट्या बदलून १३, ००, ०० करायच्या. आता तास? १३. फळ्यावर येते १३:५९:५९. चौघांतला एकही खोटे बोललेला नाही, तरी वेळ तासाभराने चुकली. ‘१:५० किंवा त्यानंतर’ ही अट पुरी झाली आणि घंटा वाजली. खरे १:५० झाले तेव्हा ‘वाजली’ अशी नोंद आधीच झालेली होती.

मिनिट आणि तास यांच्या खेपांमध्ये एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहूनही कमी अंतर होते. पण प्रोग्राम सेकंदाला दहादा वेळ विचारी. हिशेब केला तर तास बदलताना अशी गाठ पडण्याची शक्यता साधारण २५० त एक. शाळेत दिवसाला सहा वेळा तास बदलतो, म्हणजे चाळीसेक दिवसांतून एकदा. आम्ही घंटा तपासली होती दोन दिवस.

पत्ता लागला तो मामांच्या कॅलेंडरमुळे. आळ आल्यापासून ते प्रत्येक चुकीची वेळ तारखेच्या चौकटीत लिहून ठेवत. आम्ही पाहिले तर ११, १, १२, १; सगळ्या नोंदी काट्यावर तास भरतानाच्या! चुकून बटण दाबणारा माणूस इतका काटेकोर कसा असेल? मग प्रयोगशाळेत आम्ही घड्याळ पुन्हा पुन्हा १२:५९:५८ ला लावले, दरवेळी वाचनाचा क्षण किंचित पुढेमागे केला, आणि एका तासात चार वेळा १३:५९ मिळवले. मुख्याध्यापकांना आम्ही पत्र लिहिले आणि त्याची एक प्रत मामांना दिली.

दुरुस्ती लहानशीच होती. या चिपशी बोलणे सुरू होताच ती सातही कप्प्यांची नक्कल बाजूला काढून ठेवते आणि पुढचे आकडे त्या नकलेतून देते. खरे घड्याळ आत चालूच राहते. हे माहितीपत्रकात स्पष्ट छापलेले होते. आम्ही तीन वेळा बोलणे सुरू करत होतो, म्हणून तीन वेगवेगळ्या नकला हाती येत. आता एकाच खेपेत सगळे आकडे घेतो. ज्या चिपमध्ये अशी सोय नसते, तिथे वेळ लागोपाठ दोनदा वाचावी आणि दोन्ही वाचने जुळली तरच खरी मानावी.

मामांचे कॅलेंडर अजून चालू आहे. दर महिन्याच्या एक तारखेला ते पेटीवरचे घड्याळ किती सेकंद चुकले ते लिहितात. मे महिन्यात ते मागे पडते आणि थंडीतही मागेच पडते, पुढे जात नाही. उन्हाने मागे पडणारे घड्याळ थंडीने पुढे जायला नको का, असे त्यांनी विचारले. या स्फटिकाचा वेग २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत जास्त असतो. तिथून कोणत्याही बाजूला गेले की फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात तो मंदावतो. पेटीत ४५ अंश असतील तर दिवसाला सव्वा सेकंद, १० अंश असतील तर पाऊण सेकंदाच्या आत. तापमान मोजून ही चूक स्वतःच भरून काढणारी डीएस ३२३१ ही चिप मिळते. पुढच्या पेटीत ती बसवणार आहोत.