शाळा कोणती, त्याआधी मदत कोणती?

स्वमग्न मुलांसोबत : भाग ५

निदान आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र इथवर आपण मागच्या आठवड्यात आलो. हातात कागद पडला, की घरात शाळेवरून वाद सुरू होतो. आजीचं म्हणणं, चार मुलांत मिसळला की बोलायला लागेल. मावशीनं विशेष शाळेचा पत्ता आणलेला असतो. आणि जिथे फॉर्म भरलाय त्या शाळेतून निरोप येतो, ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही.’

आधी या निरोपाचं बघू. १९९५च्या अपंग कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं तिची दखल घेतली. २०१२मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन दिव्यांग मुलांचा वंचित गटात समावेश झाला. त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी महाराष्ट्रात या मुलांच्या पालकांना उत्पन्नाचा दाखला द्यावा लागत नाही. पुढे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. त्याच्या कलम १६नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करायच्या. कलम ३१नुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. म्हणजे ‘सोय नाही’ म्हणून शाळेची सुटका होत नाही, कारण सोय करणं हेच तिचं काम ठरवून दिलेलं आहे. नकार मिळाला तर तो लेखी मागा. दाद शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे मागता येते.

हक्क कळला तरी निवड उरतेच, आणि इथे प्रमाणपत्रावरचा टक्का फारसा कामाला येत नाही. ज्या चाचणीवरून तो काढतात त्या ‘इसा’मध्ये ४० मुद्दे असतात, ७० गुणांपासून स्वमग्नता धरली जाते. सवलतींसाठी हा आकडा लागतो. पण टक्का सारखाच असलेली दोन मुलं घ्या. एक सहज वाचतं, पण परिपाठाच्या लाउडस्पीकरनं कानावर हात ठेवून वर्गाबाहेर पळतं. दुसरं बोलत नाही, पण चित्र दाखवलं की सांगितलेलं काम शांतपणे पुरं करतं. पहिल्याला रांगेतून सूट आणि बसायला शांत कोपरा मिळाला, तर नेहमीची शाळा जमू शकते. दुसऱ्याला दिवसातले काही तास विशेष शिक्षकाची गरज आहे. म्हणून शाळांची यादी करण्याआधी मुलाच्या दिवसाची यादी करा: घंटा, मधली सुट्टी, पोषण आहाराचा वास, स्वच्छतागृह, अचानक बदललेला तास. यातलं कुठे अडतं आणि कशानं सुटतं?

ही यादी शाळेसमोर ठेवली की तिचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे आयईपी, बनू शकतो. ‘वर्गात नीट बसेल’ असं उद्दिष्ट लिहिलं, तर ते साधलं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. ‘मधल्या सुट्टीनंतर चित्रतक्ता दाखवल्यावर पाच मिनिटांत जागेवर येईल’ हे मोजता येतं. तक्ता कोण दाखवणार, हेही त्यातच लिहून घ्या.

विशेष शाळेत मुलं कमी असतात, शिक्षक प्रशिक्षित असतात. मात्र स्वमग्नतेसाठीच्या शाळा मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. इतरत्र बौद्धिक दिव्यांगत्वाच्या शाळेतच या मुलांना बसवलं जातं. शिवाय महाराष्ट्रात नेहमीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. एका शाळेतून दुसरीकडे जाताना आधी काय शिकवलं, काय उपयोगी पडलं, याची फाइल बहुतेक वेळा पालकांनाच वाहावी लागते. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी कायद्यानं घरी शिकण्याचाही पर्याय दिला आहे. तो मुलाच्या गरजेतून घ्यावा. शाळेनं आपली अडचण टाळायला तो सुचवला, तर मान्य करू नका.

नेहमीच्या शाळेतली खरी अडचण माणसांची आहे. प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे आणि उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण केंद्रानं २०२२मध्ये ठरवलं. तरी मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना ही पदं जाहीर करायला सांगावं लागलं. ही पोकळी शॅडो टीचर भरून काढतात आणि खर्च बहुधा पालकांच्या खिशातून जातो. त्यात आणखी एक धोका आहे. शॅडो टीचर शेजारी बसली की वर्गशिक्षक मुलाशी थेट बोलणं सोडून देतात, वर्गातली मुलंही तिच्यामार्फतच त्याच्याशी बोलू लागतात. ती टप्प्याटप्प्यानं कशी बाजूला होणार, हे आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवं.

आज निवडलेली शाळा दहावीपर्यंत पुरेल असंही नाही. पहिलीत विशेष शाळेत स्थिरावलेलं मूल तिसरीत नेहमीच्या वर्गात जाऊ शकतं, आणि उलटंही होतं. दर तीन महिन्यांनी शिक्षक, थेरपिस्ट आणि पालकांनी एकत्र बसून आराखडा तपासायचा. शाळा पाहायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना आधी हेच विचारा, की या बैठकीची तारीख कोणती?

(पुढील भागात : दहावीच्या परीक्षेतल्या सवलती आणि मुक्त विद्यालयाचा पर्याय)