जागरणाची मजुरी

भेस्तान, पांडेसरा, उधना या सुरतेच्या दक्षिण पट्ट्यात माग रात्रीही थांबत नाहीत. गंजामचे उडिया आणि आमच्या खानदेशचे मजूर येथे बारा-बारा तास उभे असतात, मजुरी मीटरमागे. दिवसपाळीचा मजूर कामावर गेला की त्याच वळकटीवर रातपाळीचा आडवा होतो. त्या उकाड्यात नि खडखडाटात त्यास झोप ती किती लागणार?

कोजागरीचे जागरण हौसेचे, हे पोटाचे. सतरा तास जागलेला माणूस मद्य घेतलेल्यासारखा मंदावतो. १९६४ साली अमेरिकेत रँडी गार्डनर हा सतरा वर्षांचा विद्यार्थी २६४ तास जागला. स्मृती ढळली, भास झाले. मग तो मनसोक्त झोपला. मागवाल्यास ती चैन नाही. त्याची अपुरी झोप वर्षानुवर्षे साचते, रक्तदाब नि मधुमेह जवळ आणते; आणि डुलकी क्षणाची असली तरी बोट कायमचे जाते.

१९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसास नऊ तासांची मर्यादा घातली होती. २०२५ मध्ये गुजरात सरकारने वटहुकुमाने ती बारांवर नेली. आठवड्याचे ४८ तास कायम, शिवाय मजुराची लेखी संमती हवी! मीटरवर पोट असलेला मजूर नकार कसा लिहून देणार? आणि हे ४८ तास मोजणार कोण? कामगार खात्याच्या निरीक्षकांनी एकदा पहाटे तीन वाजता भेस्तानला उतरावे.