दुसरी ओळ कोण धरणार?

"सुचतं हो ताई, पण म्हणायचं कसं? लोक हसतील." पौडकडच्या आमच्या बचत गटातली एक जण मला हळूच म्हणाली. भाताची झोडणी उरकलेली. घराला लागून असलेली वीस गुंठे जमीन विकायची बोलणी चाललेली, एजंटाची गाडी दर रविवारी दारात. नवऱ्याला काही विचारायची सोय नाही, सासऱ्यांपुढे तोंड उघडायचं नाही. मग चुलीपुढे बसून ही त्या जमिनीवर मनातल्या मनात ओव्या जुळवायची. दोन महिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

मैत्रिणींनो, यात तिला हसण्यासारखं काही नाही. आपण सगळ्याच अशा! भजनाला नवी चाल सुचते, गोधडीत नवा नमुना डोळ्यांपुढे येतो, आणि आपण म्हणतो, 'जाऊ दे, आपल्याला कुठं येतंय.'

बहिणाबाई चौधरींचंच बघा. जळगावजवळच्या असोद्याचं माहेर, लिहिता-वाचता येत नव्हतं. कामं करता करता त्या गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक मुलगा, दोघांनी जमेल तशी ती टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, तीही भीतभीत. स्वतः नावाजलेला कवी, पण आईची गाणी दाखवताना संकोच! अत्र्यांनी आग्रह धरला म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. टिपून घेणारं आणि 'हे छापाच' म्हणणारं माणूस भेटलं नसतं तर?

एवढं लांब तरी कशाला जायचं? आपल्या मुळशीत हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकात गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हे काम पुढे महाराष्ट्रभर पसरलं. हजाराहून जास्त गावं आणि लाखाच्या वर ओव्या! २०१७पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने त्या लोकांपुढे आणल्या. नांदगावच्या कुसुमताई सोनवणे, कोळावड्याच्या ताराबाई उभे या गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्या. त्या स्वतः ओव्या गायल्या आणि दुसऱ्या बायकांच्या ओव्या गोळा करायलाही फिरल्या.

मला यात जातं महत्त्वाचं वाटतं. जात्याला बहुतेक वेळा दोघी बसायच्या. एकीनं पहिली ओळ टाकायची, समोरचीनं ती धरायची. तेवढ्यात पहिलीला पुढचं सुचायचं. चुकलं तर घरघरीत बुडून जायचं, आणि नवऱ्याचं गाऱ्हाणं असो की सासूचं, कुणी जाब विचारत नसे, कारण ओवी सगळ्यांचीच. गिरणी आली, खांदे-मनगटं सुटली, ते बरंच झालं. (पहाटे चारला उठून दळण कुणाला हवंय?) पण समोर बसणारी गेली. आता जे सुचतं ते एकटीला सुचतं आणि एकटीतच विरतं.

म्हणून मी तिला 'धीर कर, धीर कर' असं सांगत बसले नाही. म्हटलं, "मला एकटीला सांग, मी लिहून घेते." हप्त्याच्या वहीच्या मागच्या पानावर पाच ओव्या उतरवल्या. सांगताना ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, हातातली शेंग सोलत होती.

माघात गटातल्याच एकीच्या मुलाचं लग्न निघालं. हळद दळायला जातं मांडलं. नवरदेवाच्या, मामाच्या ओव्या झाल्या, आणि मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं पहिली ओळ म्हटली आणि गप्प झाली. मला वाटलं, संपलं! एवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या तिच्या सासूबाईंनी ओळ उचलली. ज्यांची तिला सगळ्यात जास्त भीती, त्याच! त्यांनी पुढं एक स्वतःची जोडली; त्यात बांधावरचा आंबा होता, तो हिला सुचलाच नव्हता. मग दोघींनी मिळून बऱ्याच म्हटल्या. बाहेर ओटीवर पुरुषमंडळींचं बोलणं थांबलेलं मला कळलं.

जमिनीचं अजून काही ठरलेलं नाही. एजंट येतोच आहे. पण परवाच्या बैठकीत हप्ता भरून झाल्यावर तिनं वही माझ्या हातातून ओढून घेतली, मागचं पान काढलं आणि म्हणाली, "ताई, ही तिसरी तुम्ही चुकीची लिहिलीय. मी अशी नव्हती म्हटली."