खेळांतील लबाडी आणि सर्व्हरची राखण

अहिल्यानगरहून छत्रपति संभाजीनगरास जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासें तालुक्यांत, घोडेगांव लागतें. शनिशिंगणापुरास जाणारे यात्रेकरू येथेंच वळतात. येथें कांद्याचे लिलाव होतात, आणि जनावरांचा, विशेषतः म्हशींचा, आठवडेबाजारहि भरतो. अशा बाजारांत जाणतें गिऱ्हाईक मालकाच्या शब्दावर जनावर घेत नाहीं. बैल असेल तर त्याचा जबडा उघडून दांत पाहतें. बैल दोनदाती कीं चारदाती, सहादाती कीं जुळलेला, हें दांतच सांगतात. म्हैस असेल तर तिची कास कितीहि भरलेली दिसो, समोर धार काढून दाखवावयास लावतें. कारण एका वेळची धार चुकवून कास तटतटलेली दाखविणें ही जुनी युक्ति आहे. मालकाचा अपमान करावा असा यांत हेतु नसतो. आपल्या वस्तूचें वर्णन जो तो आपणच करणार, तेव्हां तें वर्णन दुसऱ्यानें तपासलें पाहिजे, एवढाच तो व्यवहार.

श्रोतेहो, आजचा विषय या बाजारापासून प्रथमदर्शनीं फार दूरचा वाटेल. आपल्या घरांतील मुलें संगणकावर ज्यांना ‘सर्व्हायव्हल गेम’ म्हणतात असे खेळ खेळतात. खेळाडूला रित्या हातानें एका रानांत सोडलेलें असतें. त्यानें लाकूड तोडावें, खाण खणावी, रात्र पडण्यापूर्वीं निवारा उभारावा, श्वापदांपासून आणि कित्येक खेळांत इतर खेळाडूंपासूनहि स्वतःस वांचवावें. ‘माइनक्राफ्ट’ २००९ सालीं लोकांपुढें आला व २०११ सालीं पुरा झाला. ‘रस्ट’ २०१३ चा, ‘व्हॅल्हाइम’ २०२१ चा. यांचें वैशिष्ट्य असें कीं, खेळाचें जग कंपनीच्याच यंत्रावर चालावें असा नियम नाहीं. एकादा खेळाडू स्वतःच्या घरच्या संगणकावर किंवा भाड्यानें घेतलेल्या यंत्रावर तें जग मांडतो आणि दहा-वीस मित्रांना बोलावतो. जग चालविणाऱ्या या यंत्राला सर्व्हर म्हणतात. त्यांत मुलांनीं चार-चार महिने खपून बांधलेलीं घरें असतात, सांठविलेल्या पेट्या असतात. “खेळच तो!” असें म्हणून आपण सोडून देतों, परंतु तेथें एका रात्रींत कोणी लबाडीनें सारें लुटून नेलें, तर दुसऱ्या दिवशीं वर्गांतील दोन मित्र एकमेकांशीं बोलत नाहींत, हेंहि आपणांस घरांत दिसतेंच.

ही लबाडी होते कशी? खेळाडूच्या पुढ्यांतील संगणक त्या जगाचें केवळ चित्र काढतो. जग स्वतः सर्व्हरांत असतें. दोहोंमध्यें सेकंदाला अनेक वेळां लहान लहान निरोपांची ये-जा चालते. हे निरोप दोन प्रकारचे असूं शकतात. “मी नदीपलीकडे पोंचलों,” हा एक. “मला नदीकडे पाऊल टाकावयाचें आहे,” हा दुसरा. पहिल्यांत खेळाडूचें यंत्र निकाल सांगतें. दुसऱ्यांत तें केवळ इच्छा कळवितें आणि निकाल सर्व्हर देतो. खेळाडूच्या संगणकावर सत्ता खेळाडूचीच. त्यांतील प्रोग्राम त्याला उकलतां येतो, बदलतां येतो. म्हणून तिकडून आलेला निकाल जो सर्व्हर न तपासतां नोंदवितो, त्याच्या जगांत माणसें उडूं लागतात, भिंतींतून आरपार जातात, आणि एका कुऱ्हाडीच्या दोन होतात.

सर्व्हरनें सर्वच कांटेकोरपणें तपासावें, असें सुचविणें सोपें आहे. तथापि निरोपाला वाट चालावी लागते. गांवांतील मोबाइलचें जाळें क्षणभर अडतें आणि मग दहा पावलांचे निरोप एकदम येऊन थडकतात. तें पाहून सर्व्हरनें “हा धांवला, हा लबाड” असें ठरविलें, तर शिक्षा होते ती दुबळी जोडणी असलेल्या प्रामाणिक मुलाला. म्हणून थोडी ढील ठेवावी लागते, आणि लबाड त्या ढिलींतच आपलें घर करतो. माझ्या मतें चालण्याधांवण्याच्या बाबतींत सर्व्हरनें उदार असावें, मालमत्तेच्या बाबतींत मुळींच नसावें. पाऊल दोन हात पुढें पडलें तर फारसें बिघडत नाहीं. पेटींतील सोनें दुप्पट झालें तर त्या जगांतील श्रमाला किंमतच उरत नाहीं.

इथवर कृतीच्या लबाडीविषयीं झालें. याहून सूक्ष्म अशी एक ज्ञानाची लबाडी आहे, आणि ती समजावयास पुन्हां बाजारांत गेलें पाहिजे. गुरांच्या बाजारांत सौदा बोलून होत नसे. दलाल व गिऱ्हाईक रुमालाखालीं हातांत हात घालीत आणि बोटें दाबून किंमत ठरवीत. ही रीत कित्येक ठिकाणीं अद्यापि दिसते. भोंवतीं पन्नास माणसें उभीं असलीं तरी आंकडा दोघांनाच ठाऊक. जें दुसऱ्यास कळूं नये तें त्याच्या डोळ्यांपुढें आणावयाचेंच नाहीं, हें त्या रुमालाचें काम. “पाहूं नका” असें पन्नास जणांस सांगत बसण्यापेक्षां तें कितीतरी खात्रीचें.

माइनक्राफ्टमध्यें हिरे जमिनीच्या पोटांत दगडाआड दडलेले असतात. परंतु चित्र काढण्याच्या सोयीसाठीं सर्व्हर जवळपासच्या जमिनीचा सगळा नकाशा, पोटांतील हिऱ्यांसकट, खेळाडूच्या यंत्राकडे धाडतो, आणि दगड अपारदर्शक काढण्याचें काम त्या यंत्रावर सोंपवितो. मग ज्यानें आपल्या यंत्रांत दगड कांचेसारखा करून घेतला त्याला सारे हिरे दिसतात. याला मुलें ‘एक्स-रे’ म्हणतात. यांत सर्व्हरकडे एकहि खोटा निरोप जात नाहीं. खेळाडू नियमाप्रमाणेंच खणतो, फक्त नेमका हिऱ्याकडे खणतो. यावर जे उपाय निघाले त्यांतील एक मला फार गमतीचा वाटतो. कांहीं सर्व्हर दगडाआड जागोजाग खोटे हिरे रंगवून धाडतात. खणणारा जवळ येऊन जागा उघडी झाली म्हणजे खरें काय तें कळवितात. लबाडाच्या डोळ्यांपुढें मग सारी जमीन हिऱ्यांनीं भरून जाते आणि त्याची दृष्टि निरुपयोगी होते. प्रामाणिक खेळाडूस यांतलें कांहींच दिसत नाहीं.

पण रुमाल कोठें फाटेल याचा नेम नसतो. २०१० पासून चालत आलेला ‘टू-बी-टू-टी’ या नांवाचा एक माइनक्राफ्ट सर्व्हर आहे. तेथें नियम जवळजवळ नाहींत आणि जग इतकें अफाट कीं, आपलें घर कोठें आहे हें गुप्त ठेवणें हाच तेथील मुख्य बचाव. सर्व्हरवर फाजील ताण पडूं नये म्हणून त्याच्या प्रोग्रामांत एक दुरुस्ती झालेली होती. खेळाडूनें लांबच्या जागेवर घाव घातल्याचा निरोप पाठविला, तर ती जागा त्या वेळीं स्मरणांत ‘जागी’ असल्यासच सर्व्हर उत्तर देई. एरवीं गप्प बसे. आतां जागा जागी राहते ती बहुधा कोणी खेळाडू तिच्या आसपास असला म्हणजेच. हें एका टोळक्याच्या ध्यानांत आलें. त्यांनीं २०१८ पासून जगाच्या कानाकोपऱ्यांत असे लटके घाव घालावयास सुरुवात केली; उत्तर आलें कीं समजावें, तेथें कोणीतरी आहे. सुमारें तीन वर्षें, २०२१ च्या जुलैपर्यंत, हा हेरगिरीचा उद्योग चालला आणि लोकांचीं दडविलेलीं घरें एकामागून एक उघडीं पडलीं. सर्व्हरनें कोणाचाहि ठावठिकाणा सांगितला नव्हता. केव्हां बोलावें आणि केव्हां गप्प बसावें यांतील फरकानेंच तो सांगितला गेला.

व्हॅल्हाइमच्या कर्त्यांनीं निराळा मार्ग धरला. तेथें खेळाडूचें पात्र, त्याच्या गांठोड्यासकट, खेळाडूच्याच पदरीं असतें. दुसऱ्या एकाद्या जगांत, जेथें त्याला कोणी विचारणारें नाहीं, तेथें भरलेलें गांठोडें घेऊन तो आपल्या जगांत येऊं शकतो. दोष म्हणावा तर दोष आहे. परंतु दहा मित्रांनीं एकत्र खेळण्यासाठीं हा खेळ रचलेला आहे, आणि दहा मित्रांत झडती घेणारा दरवान बसविणें शोभलें नसतें. रस्टसारख्या खेळांत, जेथें शेंकडों अनोळखी माणसें एकमेकांस लुटण्यासाठींच जमतात, तेथें हें एक दिवसहि चाललें नसतें. तेथें सर्व्हर तर तपासतोच, शिवाय ‘ईझी अँटी-चीट’ नांवाचा पहारेकरी-प्रोग्राम प्रत्येकाच्या संगणकांत बसवावा लागतो. असल्या पहारेकऱ्यांना संगणकाच्या अगदीं गाभ्यापर्यंत अधिकार द्यावा लागतो. ज्या यंत्रावर घरचे बँकेचे व्यवहार होतात, त्यावर तो देण्यापूर्वीं वडील माणसांनीं दोनदां विचार करावा.

घोडेगांवाहून वळलेल्या यात्रेकरूला थोड्याच वेळांत शिंगणापुरांत दारें नसलेलीं घरें दिसतात. शनिदेव राखण करतो या श्रद्धेनें तेथें घरांना कवाडें लावीत नाहींत. २०११ च्या जानेवारींत युको बँकेनें या गांवीं शाखा काढली ती ‘बिनकुलपाची शाखा’ म्हणून वर्तमानपत्रांत गाजली. रोकड सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था मात्र बँकेनें केलीच होती. बिनदाराचें घर टिकतें तें श्रद्धेमुळें, आणि आल्यागेल्यास सारा गांव ओळखतो म्हणूनहि. घरच्या संगणकावर सर्व्हर मांडणारा मुलगा मनानें अशाच गांवांत असतो. आपला पत्ता चार मित्रांसच ठाऊक आहे, मग कुलूप कशाला, असें त्यास वाटतें.

इंटरनेटवर मात्र पत्ता गुप्त राहत नाहीं. जुन्या पद्धतीचे सारे पत्ते मिळून सुमारें ४२९ कोटि भरतात. २०१३ सालीं मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं ‘झीमॅप’ नांवाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. वेगवान जोडणी असेल तर तो एका संगणकावरून पाऊण तासांत यांतील प्रत्येक दार ठोठावून येतो. माइनक्राफ्टच्या सर्व्हराचें ठरीव दार २५५६५ या क्रमांकाचें. तेवढेंच ठोठावीत फिरणारे लोकहि आहेत. आपल्याकडील पुष्कळ घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाहीं, ही मुलांची नेहमींची तक्रार. या बाबतींत मात्र ती अडचण आपोआपच राखण करते.

दारांतून आंत येणारा काय करूं शकतो याचें उदाहरण २०२१ च्या डिसेंबरांत साऱ्या जगानें पाहिलें. सर्व्हरावर जें जें घडतें तें तें एका नोंदवहींत उतरतें, आणि ती लिहिणारा ‘लॉग-फोर-जे’ हा कारकून माइनक्राफ्टप्रमाणेंच असंख्य कचेऱ्यांच्या यंत्रांतहि नोकरीस होता. या कारकुनाला एक खोड होती. विशिष्ट प्रकारें लिहिलेलें वाक्य पुढें आलें कीं, तें नुसतें उतरून न घेतां तो त्यांतील आज्ञा पाळी. वाक्यांत दिलेल्या पत्त्यावर जाऊन तेथील प्रोग्राम आणी व चालवी. खेळतां खेळतां गप्पांच्या चौकटींत कोणी तें एक वाक्य टाकलें, कीं सर्व्हर त्याचा झाला. इतकेंच नव्हे, तर तें वाक्य ज्यांच्या पडद्यावर उमटे त्यांचे संगणकहि धोक्यांत येत. चीनमधील अलीबाबा कंपनीच्या एका तज्ज्ञानें हा दोष नोव्हेंबरांतच कळविला होता. डिसेंबरच्या १० तारखेस माइनक्राफ्टची दुरुस्त आवृत्ति निघाली. परंतु दुरुस्ती निघणें निराळें आणि घरोघरच्या सर्व्हरांवर ती बसणें निराळें. भाड्याच्या किंवा कपाटामागच्या यंत्राकडे महिनोन् महिने कोण पाहतो?

जोडप्रोग्रामांचेंहि तसेंच. २०२३ च्या जूनमध्यें माइनक्राफ्टच्या कित्येक लोकप्रिय जोडण्यांत पासवर्ड चोरणारा प्रोग्राम मिसळलेला सांपडला, आणि त्या विश्वासू म्हणून गाजलेल्या ठिकाणाहूनच उतरविलेल्या होत्या. कोणी आंत न शिरतां बाहेरूनच निरोपांचा एवढा लोंढा सोडतो कीं सर्व्हर गुदमरावा. २०१६ सालीं घरोघरचे कॅमेरे व राउटर बिघडवून हें काम करणारी ‘मिराई’ नांवाची फौज ज्या तीन अमेरिकन तरुणांनीं उभी केली, त्यांचा आरंभ माइनक्राफ्टच्या सर्व्हरांवरील हल्ल्यांपासूनच झाला. पुढच्या वर्षीं डिसेंबरांत त्यांनीं न्यायालयांत गुन्हा कबूल केला. आपल्याकडेहि दुसऱ्याचा सर्व्हर असा बंद पाडणें २००० च्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याखालीं अपराध आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. रागाच्या भरांत असला लोंढा भाड्यानें घेणाऱ्या मुलास हें ठाऊक नसतें.

तेव्हां घरीं सर्व्हर मांडणाऱ्यानें बोलावलेल्यांचीच यादी ठेवावी, जिला ‘व्हाइटलिस्ट’ म्हणतात. येणाऱ्याचें नांव खरें कीं खोटें हें कंपनीकडून पडताळून घेण्याची सोय बंद करूं नये. ती बंद असली तर कोणीहि यजमानाचेंच नांव सांगून आंत शिरतो आणि यजमानाचे अधिकार वापरतो. सर्व्हरच्या संगणकावर घरचीं कागदपत्रें ठेवूं नयेत. राउटरचा मूळचा पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा.

आतां राहिला खुद्द यजमान. बाहेरच्या लबाडास सर्व्हर आवरतो. सर्व्हरच्या मालकास कोण आवरणार? त्याच्या एका आज्ञेनें हिरे निर्माण होतात, त्याला भिंतीपलीकडचें दिसतें, आणि नको असलेल्यास तो हांकलून देऊं शकतो. अमक्यानें खरोखरच लबाडी केली, कीं यजमानास तो हरवूं लागला एवढाच त्याचा अपराध, हा वाद मुलांत वरचेवर होतो. यास यंत्रांत उपाय नाहीं, पण रीत घालून देतां येते. आज्ञांची नोंदवही सर्वांस वाचावयास खुली असावी. यजमानानें खेळावयाचें असल्यास अधिकाराविना, साध्या नांवानें खेळावें. कोणास काढावयाचें तर दोघा-तिघांनीं नोंदी पाहून ठरवावें. आणि दर आठवड्यास साऱ्या जगाची एक प्रत दुसऱ्या एका मुलाच्या घरीं जाऊन पडावी. म्हणजे यजमान रुसला, यंत्र जळलें किंवा चोरानें सारें पुसून टाकलें, तरी त्या दुसऱ्या घरच्या संगणकावर तेंच जग, फार तर एका आठवड्याच्या श्रमाची खोट सोसून, संध्याकाळपर्यंत पुन्हां उभें राहतें.